मिऱ्याचं जहाज बघायला मराठवाड्यातून निघणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

मी औशाचा. आमच्याकडं समुद्र नाही, बंदर नाही, आणि काही वर्षं तर प्यायलाही पाणी नव्हतं. तरीही २०२० पासून मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते रत्नागिरीजवळ मिऱ्या गावच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजाचे. मी एकदा नाही, तीनदा जाऊन आलोय हे पाव्हण्यारावळ्यांत पसरलं, त्याचा हा परिणाम. तेच ते सांगून तोंड दुखलं म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. घाईत असाल तर प्रश्न ५ तेवढा नक्की वाचा.

१. हे नेमकं कुठलं जहाज? आणि पाण्यातलं जहाज जमिनीवर आलंच कसं?

नाव 'बसरा स्टार'. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं. त्या दिवशी हे जहाज रत्नागिरीजवळ होतं. वाऱ्यापुढं नांगराचा निभाव लागला नाही आणि जहाज वाहत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला, दगडी बंधाऱ्याच्या अंगाला लागलं. आतल्या १३ जणांना सुखरूप बाहेर काढलं.

नांगर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं बैल येतात. जहाजाचा नांगरही जमिनीतच रुततो, फक्त ती जमीन पाण्याखाली असते. आपला नांगर तास पाडत पुढं गेला तर काम चांगलं चाललंय म्हणायचं. जहाजाचा नांगर तास पाडायला लागला, म्हणजे तळाची पकड सोडून घासत निघाला, की घात झाला. वाऱ्याचं तोंड किनाऱ्याकडं आणि इंजिन साथ देत नसेल तर पुढचं काही माणसाच्या हातात राहत नाही.

२. दादा, जहाज अजून हाय का तिथं?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. २०२० चा फोटो मनात धरून निघू नका. लोखंड, खारं पाणी आणि पावसाळी लाटा हे तिघं एकत्र आले की जहाज दरवर्षी थोडं थोडं कमी होत जातं. शिवाय गोष्ट भंगारात काढण्यापर्यंत गेलेली आहे. निघायच्या आदल्या दिवशी रत्नागिरीत जिथं मुक्काम करणार त्या लॉजवाल्याला फोन करून विचारा, 'आज काय दिसतंय?' एवढं विचारायला लाजू नका. पाचशे किलोमीटर जाऊन नुसती वाळू बघून आलेली मंडळी मला माहीत आहेत. तशी वेळ आलीच तर प्रश्न १८ बघा.

३. लातूर, धाराशिव, नांदेडकडून गाडीनं कसं जायचं?

यातली गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपण ज्याला रत्नागिरी-नागपूर महामार्ग म्हणतो, त्याला रत्नागिरीत 'मिऱ्या-नागपूर' म्हणतात. म्हणजे औशावरून, लातूरवरून, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेडवरून जो रस्ता जातो, त्याचं पश्चिमेचं टोक नेमकं जहाज लागलं त्या मिऱ्यालाच आहे. आमच्या चौकात चहा पिताना कुणी जहाजाचा पत्ता विचारला तर मी सरळ पश्चिमेकडं बोट दाखवतो. हाच रस्ता, सोडू नका.

टप्पे असे: तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज-सांगली, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि मग रत्नागिरी. लातूरहून अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं, नांदेडहून त्यात आणखी दीडशेच्या घरात मिळवा. एका दमात जाऊ नका. कोल्हापूरला मुक्काम करा आणि आंबा घाट दिवसाउजेडी उतरा. धुकं असलं तर आपल्याकडच्या सरळ रस्त्यावर हात बसलेल्या ड्रायव्हरची परीक्षाच असते. मी स्वतः पहिल्या वेळी घाटात दुसऱ्या गिअरवर एवढा वेळ होतो की मागच्या ट्रकवाल्यानं उतरून विचारलं, पाव्हणं, गाडीला काय झालंय का.

मिरज आली की आमच्या गाडीत नेहमी एक मिनिट शांतता होते. एप्रिल २०१६ मध्ये याच मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीचे दहा टँकर आणि पाच लाख लिटरचा आकडा आमच्या पिढीला पाठ आहे. आणि आता त्याच रस्त्यानं आपण पाण्यातून बाहेर आलेलं जहाज बघायला चाललोय.

देवदर्शन जोडायचं असेल तर हा रस्ता त्यासाठीच केल्यासारखा आहे. जाताना तुळजाभवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा, पुढं गणपतीपुळे, आणि येताना मंगळवेढ्याहून वाकडी वाट करून पंढरपूर. घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी जहाजाच्या नावावर मिळत नाही, पण या यादीवर मिळते.

४. संभाजीनगर, जालना, परभणीकडच्यांनी काय करायचं? रेल्वे आहे का?

मराठवाड्यातून रोज सरळ रत्नागिरीला नेणारी गाडी धरून बेत करू नका. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन यांपैकी सोयीची गाडी पकडून ठाण्याला उतरा आणि तिथून कोकण रेल्वेची गाडी धरा. मुंबईत आत शिरायची गरज नाही. मधे तीन-चार तास मोकळे ठेवा, आपल्या गाड्या मनमाडला किती वेळ उभ्या राहतील ते कुणी सांगू शकत नाही.

परभणी, परळी, लातूरकडून कोल्हापूरला जाणाऱ्या गाड्याही आहेत, पण रोज नाहीत, वार बघूनच आरक्षण करा. कोल्हापूरच्या पुढं कोकणात रेल्वे जात नाही. तिथून एसटी, तीही आंबा घाटातून. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून शहरात यायला रिक्षा किंवा एसटी लागते. मिऱ्या मग शहराला लागूनच.

संभाजीनगरहून गाडीनं जाणार असाल तर अहिल्यानगर, पुणे, कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण हा रस्ता बरा पडतो.

५. भरती-ओहोटी कधी असते हे आपल्याला कसं कळणार?

हा खरा प्रश्न. आणि हाच सगळ्यात कमी लोक विचारतात.

आपण पूर बघितलेला असतो. मांजरा, तेरणा, गोदावरी यांचं पाणी वरच्या अंगानं येतं, आधी आभाळ भरतं, कुणी तरी वरच्या गावातून फोन करतं. समुद्राचं पाणी स्वच्छ उन्हात, कसलीही वर्दी न देता समोरून चढतं. चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. म्हणजे आज भरती तीनला असेल तर उद्या चारला दहा कमी. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

आता यासाठी पंचांग. घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, जायच्या दिवसाची तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळची दोन्ही. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन: भरती पहाटे तीन आणि दुपारी तीन, ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. द्वादशी असेल तर बाराचे पाऊणपट नऊ: ओहोटी दुपारी तीन-सव्वातीनला. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून, एकपासून सुरू करायची. कोकणातले जुने लोक हे तोंडी करतात. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतो, म्हणून मोबाईलवर रत्नागिरीच्या भरतीचं वेळापत्रकही बघून घ्या. पण रेंज गेली तरी तिथी जात नाही.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती: पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची: चढतही फार नाही, उतरतही फार नाही. जहाज जास्तीत जास्त उघडं बघायचं असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठायची. नियम एवढाच, की ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की निघा. 'पाणी फिरलं' हे ओळखायला सोपं आहे. ओल्या वाळूवर आपल्या चपलेची खूण करून ठेवायची. ती बुडाली की गप्पा बंद.

६. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये हापूस मिळतो, पण दमट उकाडा आपल्याला सोसत नाही. आपलं ऊन कोरडं, तिथं बेचाळीसच्या ऐवजी चौतीस असलं तरी जीव जास्त घाबरा होतो. पावसाळ्यात म्हणाल तर किनाऱ्याच्या जवळ फिरकूच नका. जून-जुलै मासेमारीही बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते लोक होड्या वर ओढून बसतात, तेव्हा आपण तिकडं सेल्फी काढायला जाण्यात शहाणपण नाही.

७. जहाजावर चढता येतं का? आतून बघता येतं का?

नाही. शिडी दिसली, कुणी चढलेलं दिसलं, तरी नाही.

बाहेरून पत्रा जाड वाटतो, पण गंजलेला पत्रा आतून पापडासारखा होतो. ते तरी दिसतं. न दिसणारं आहे ते आतल्या बंद टाक्या आणि खोल्यांतलं. लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खातं. बंद जागेत महिनोन्महिने गंज चढत असेल तर तिथं श्वास घेण्यापुरतीही हवा उरत नाही, वर तेलाचा वास वेगळाच. आपल्याकडं ज्वारीचं पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नव्हतं. आधी कंदील सोडून बघायचे, कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही. ज्यांनी आजोबांकडून पेवाच्या गोष्टी ऐकल्यात त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

बंधाऱ्याच्या दगडांवरून उड्या मारत जाणंही टाळा. शेवाळ असतं, आणि दोन दगडांच्या फटीत पाय गेला की घोटा तिथंच राहतो.

८. आम्ही विहिरीत पोहायला शिकलोय, पन्नास फुटांवरून सूर मारतो. समुद्रात काय अडचण?

विहिरीचं पाणी तुम्हाला कुठं नेत नाही, ही अडचण. समुद्रात किनाऱ्याकडं आलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरानं परत आत जातं. त्यात सापडलेला माणूस किनाऱ्याकडं तोंड करून सरळ पोहत राहतो, दमतो आणि संपतो. दरवर्षी कोकणात बुडणाऱ्यांच्या बातम्यांत घाटावरच्या गावांची नावं असतात ती याच कारणानं. सापडलातच तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं आणि ओढ कमी झाली की वळायचं.

रुतलेल्या जहाजाभोवती तर पाण्यात पायही घालू नका. लाट लोखंडावर आपटून वळते तेव्हा बुडाशी वाळू कोरली जाते. वरून गुडघाभर वाटणाऱ्या पाण्यात पुरुषभर खड्डा असू शकतो. सुटलेले पत्रे वाळूखाली उभे असतात ते वेगळंच.

९. गाडी वाळूवर नेली तर चालेल का? फोटो छान येतो.

नाही चालणार. आमच्या मेहुण्यांनी गणपतीपुळ्याकडं जाताना एका किनाऱ्यावर नेली होती. ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, पण चाक थांबलं की खाली बसते. पाणी दोन हातांवर आलं तेव्हा एका गावकऱ्यानं ट्रॅक्टर लावून ओढली, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, 'एक जहाज पुरे आहे आम्हाला.' मेहुण्यांना अजून घरात सगळे कप्तान म्हणतात.

१०. तिकीट किती? वेळ काय? गाईड मिळतो का?

हे सरकारी पर्यटनस्थळ नव्हेच. वादळानं आणून टाकलं, लोक बघायला जमू लागले, म्हणून ते ठिकाण झालं. त्यामुळं तिकीट नाही आणि वेळही समुद्र ठरवेल ती. पोलिसांनी किंवा गावकऱ्यांनी अडवलं तर वाद घालू नका.

११. एवढं मोठं जहाज, पण ओढून परत पाण्यात का नाही नेलं?

आमच्या चौकातल्या जेसीबीवाल्याचा हा आवडता प्रश्न. त्याच्या मते दोन पोकलेन पुरेसे आहेत.

जहाज किनाऱ्याला लागतं ते बहुतेक वेळा वादळात, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढलेलं असताना. वादळ ओसरलं की ते पाणी उतरतं आणि जहाज कोरड्याच्या जवळ राहतं. ओढायला येणाऱ्या टगबोटीलाही तरंगायला खोल पाणी हवं, तिला फार जवळ येता येत नाही. दरम्यान दोन्ही अंगांनी वाळू साचते, बुडाला भोक पडलं असेल तर पोटात पाणी आणि वाळू भरते, वजन वाढत जातं. पहिली उधाणाची भरती चुकली की पुढची पंधरा दिवसांनी. पावसाळा संपेपर्यंत काम करता येत नाही आणि तोवर जहाज ओढण्यासारखं राहत नाही.

आणि पैसा. ओढण्याचा खर्च जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त झाला की मालकाचा रस संपतो. लवकर हात घातला तर जमतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे, प्रश्न १५ बघा.

१२. मग ते आता कुणाचं? बेवारस माल म्हणजे ज्याला सापडेल त्याचा ना?

कोंडवाडा आठवा. मोकाट जनावर कुणाच्या शेतात शिरलं म्हणून ते शेतकऱ्याचं होत नाही. ते कोंडवाड्यात जातं, मालकानं यायचं, दंड आणि चाऱ्याचा खर्च भरायचा आणि न्यायचं. नाहीच आला तर लिलाव. बुडालेल्या किंवा किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचं तत्त्व बरंचसं असंच आहे. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात त्यासाठी 'रिसीव्हर ऑफ रेक' नावाचा अधिकारी होता. २०२५ मध्ये संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. जहाजातला माल किंवा सुटा भाग सापडला तर तो अधिकाऱ्याच्या हवाली करायचा असतो.

वेळ लागतो तो पुढं. मालक एका देशातला, जहाजाची नोंदणी दुसऱ्या देशाची, विमा तिसरीकडं. खलाशांचा थकलेला पगार, बंदराचं देणं, नुकसानभरपाई हे दावे वेगळे. त्यात सीमाशुल्क. आपल्या कस्टम्स कायद्यात किनाऱ्याला लागलेलं मोडकं जहाज परदेशातून आयात केलेल्या मालासारखं धरायची तरतूद आहे. म्हणजे वादळानं फुकट आणून टाकलेल्या लोखंडावरही कर! भंगारवाला कटर घेऊन लगेच का येत नाही, त्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

१३. आठवण म्हणून छोटासा तुकडा, नट-बोल्ट आणला तर?

वरचं उत्तर वाचूनही हा प्रश्न येतो. तो चोरीचाच प्रकार होतो. शिवाय जुन्या जहाजांच्या रंगात शिसं असू शकतं, ते लेकराच्या हातात खेळायला द्यायचं का? शिंपले आणा. तेही जिवंत नाहीत ना बघून.

१४. तिथल्या गावकऱ्यांना तर चांदीच असेल ना? एवढे लोक येतात.

चहा, वडापाव, शहाळं विकणाऱ्या चार जणांना फायदा होत असेल. पण मिऱ्याच्या लोकांचं जुनं दुखणं समुद्र जमीन खातोय हे आहे. म्हणून तर तिथं धूपप्रतिबंधक बंधारा बांधला. त्या बंधाऱ्याच्या अंगाला एवढं लोखंड येऊन बसलं आणि प्रत्येक पावसाळ्यात लाटांसोबत त्यावर आदळणार, म्हटल्यावर त्यांची झोप उडणारच. तेलाची काळजी वेगळी. कुठलंही जहाज किनाऱ्याला लागलं की पहिलं काम टाक्यांतलं इंधन उपसायचं असतं, कारण ते सुटलं तर मासे आणि वाळू दोन्ही जातात.

मी दुसऱ्या खेपेला एका आजींशी बोललो. त्या जाळं निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, 'तुम्ही बघून जाता. आम्ही रात्री ऐकतो.' पावसाळ्यात लोखंडावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज. म्हणून सांगतो, कुणाच्या दारात गाडी लावून 'जहाज कुठंय' असं ओरडू नका. आधी 'आजी, इथून जाऊ का?' एवढं विचारा.

१५. असं आधी कधी झालंय का? की हे एकच?

बऱ्याचदा. आणि बहुतेक वेळा जून ते ऑगस्टमध्येच, कारण नैऋत्येचा वारा सगळं आपल्या किनाऱ्याकडं ढकलतो.

गोव्यात कांदोळीला 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज जून २००० मध्ये रुतलं आणि २०१२ पर्यंत पूर्ण हटलं नाही. बारा वर्षं! त्या काळात गोव्याला गेलेल्या प्रत्येक कुटुंबाच्या अल्बममध्ये ते मागं उभं असेल.

मुंबईत २०११ चा पावसाळा जहाजांचाच होता. जूनमध्ये 'विस्डम' नावाचं जहाज कोलंबोहून गुजरातेत अलंगला, म्हणजे तोडायलाच, ओढून नेत होते. वाटेत दोर तुटला, वांद्रे-वरळी सागरी सेतूला थोडक्यात चुकवून ते जुहूला येऊन बसलं. अख्खी मुंबई बघायला लोटली. जुलैच्या सुरुवातीला भरती साधून ते सोडवलं. महिना संपायच्या आत 'पॅविट' नावाचं टँकर जहाज त्याच बाजूला येऊन लागलं. त्यावर माणूसच नव्हता. ओमानच्या बाजूला खलाशांनी सोडून दिलेलं जहाज अरबी समुद्र ओलांडून एकटं आलं होतं. तेही ऑगस्टच्या मध्यात हटवलं. 'विस्डम' महिन्याभरात सुटलं, 'रिव्हर प्रिन्सेस'ला बारा वर्षं लागली. लवकर हात घालणं म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत कळतं.

पूर्वेकडं विशाखापट्टणमला ऑक्टोबर २०२० मध्ये बांगलादेशचं 'मा' हे जहाज तेन्नेटी पार्कजवळ लागलं. तिथं तर त्याचं रेस्टॉरंट करायचं ठरत होतं.

१६. आजोबा 'रामदास' बोटीचं सांगायचे. ती बघता येते का?

नाही. आणि त्या नावाला पर्यटनाच्या यादीत घालू नका. १७ जुलै १९४७ ला, आषाढ अमावास्येला, मुंबईहून रेवसकडं निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली. किनाऱ्यावर रिकामं येऊन बसलेलं जहाज वेगळं आणि भरलेली बोट बुडणं वेगळं. कोकणात कुणाच्या घरी हा विषय सहज काढू नका. ज्यांच्या घरातलं कुणी त्यात गेलं अशी घरं अजून आहेत.

१७. मुलांना जहाजाच्या पोटात शिरून बघायचंय. कायदेशीर काही आहे का?

आहे, पण उलट्या दिशेला. विशाखापट्टणमला 'आयएनएस कुरसुरा' ही पाणबुडी किनाऱ्यावर आणून २००२ मध्ये तिचं संग्रहालय केलंय. रीतसर तिकीट काढून आत जाता येतं. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे आहे, वार बघून घ्या. नांदेडकरांना खरं तर हे मिऱ्यापेक्षा सोपं.

कोकणातही एक मोठी योजना आहे. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्गात निवतीजवळ मुद्दाम समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवायची आणि पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी. त्यासाठी ती एमटीडीसीच्या ताब्यात दिली गेली आहे. वादळाऐवजी सरकार जहाज बुडवणार. आधी साफसफाई करून, तेल काढून बुडवणं हाच त्यातला फरक, आणि तो मोठा आहे.

१८. शाळेची सहल न्यायची आहे. आणि जहाज नसलंच तर मुलांना काय दाखवू?

एसटीची प्रासंगिक कराराची गाडी घ्या, शालेय सहलीला निम्मी सवलत असते. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनं आगाराला वेळेत द्या. डिसेंबरमध्ये सगळ्याच शाळा उठतात. किनाऱ्यावर दहा पोरांमागं एक मोठा माणूस आणि पाण्यात कुणीच नाही.

जहाज नसलं तरी रत्नागिरीत दिवस कमी पडतो. लोकमान्य टिळकांचं जन्मघर आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं, त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० चा, आणि सहा वर्षांत तो तिथंच वारला. किनाऱ्याला लागलेल्या जहाजापेक्षा ही गोष्ट मुलांना जास्त लक्षात राहते, माझा अनुभव आहे. रत्नदुर्गावरून एका बाजूला काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला पांढरी दिसते. मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव बघा, पण शाकाहारी पोरांना आधी वासाची कल्पना द्या.

जेवणात ज्वारीची भाकरी शोधत बसू नका, तांदळाची मिळेल. ठेच्याची बाटली घरून न्या.

१९. आईला गुडघ्याचा त्रास आहे. तिला दिसेल का?

वाळूत चालवू नका. गाडी जाते तिथूनच, बंधाऱ्याच्या बाजूनं जेवढं दिसेल तेवढं दाखवा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. खुर्ची सोबत ठेवा. आमच्या मावशींनी तशीच खुर्ची टाकून बघितलं आणि म्हणाल्या, 'एवढं लोखंड तरंगत कसं होतं?' अर्धा तास त्यावर चर्चा चालली. बीएस्सी झालेल्या भाच्याला नीट सांगता आलं नाही.

२०. अधिक महिना असेल, किंवा तिथीचा क्षय असेल, तर पाऊणपटीचा हिशेब चुकतो का?

चांगला प्रश्न, बीडच्या एका गुरुजींनी पाठवला होता. अधिक महिन्यानं काही बिघडत नाही. महिन्याचं नाव काहीही असो, तिथी चंद्रावरच चालते आणि भरतीही. क्षय किंवा वृद्धी असेल तर कॅलेंडरवर छापलेल्या तिथीपेक्षा भरतीच्या वेळी प्रत्यक्ष कोणती तिथी चालू आहे ती धरा. ती कधी संपते ते पंचांगात असतं. एका तिथीची चूक झाली तर पाऊण तासाचा फरक पडतो. तेवढा वेळ हाताशी राहावा म्हणून तर दीड-दोन तास आधी पोहोचायला सांगितलं.

२१. सासूबाई म्हणतात पौर्णिमा-अमावास्येला समुद्राकडं जायचं नसतं. हे खरं की अंधश्रद्धा?

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. पौर्णिमेचे पंधरा धरले तर पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी अकरा-बाराच्या सुमारास उधाणाची सगळ्यात मोठी भरती, आणि सहलीच्या गाड्या किनाऱ्यावर पोहोचतात त्याही नेमक्या तेव्हाच. त्या वेळी त्यांचं ऐका आणि देवळात बसा. पण त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला ओहोटीही तेवढीच मोठी असते, पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. मी जहाज सगळ्यात जास्त उघडं बघितलं ते कार्तिकी पौर्णिमेला, संध्याकाळी. सहा वाजता पाणी फिरलं, आम्ही निघालो. सासूबाईंना सोबत घेऊन जा, चपलेवर लक्ष ठेवायला त्यांच्यासारखं माणूस नाही.